वहिनींची करंगळी

दादांनी बेकरीच्या दाराला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला! आमच्या डॉक्टरीणबाईंचं कॉलेज बघायला!"

वहिनी तिथेच मागे रेंगाळल्या. कारण डॉक्टरीणबाई डॉक्टर होणारच नव्हती, आणि हे जगात फक्त दोघींना ठाऊक होतं. एक स्वतः भिंगू आणि दुसऱ्या वहिनी.

भिंगू म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराची मुलगी. नीट चालताही येत नव्हतं तेव्हा घरातलं वाचायचं भिंग पळवून ती भिंतीवरच्या मुंग्या बघत बसायची, तेव्हापासून हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. जीवशास्त्र घेऊन कॉलेजात गेली, दोन वर्षं झाली, आणि आता वाटेला फाटा आला होता. पुढच्या वर्षी डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेच्या तुकडीत बसायचं, की सूक्ष्मजीवांचा विषय घेऊन प्रयोगशाळेची वाट धरायची, हे तिला उद्या विभागात सांगायचं होतं. भिंगूचा जीव जडला होता जंतूंवर. "काकू, मला माणसाची नाडी नाही गं बघायची. त्याच्या रक्तात कोण येऊन बसलंय ते बघायचंय," असं तिनं वहिनींना भट्टीमागे उभं करून सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "काकांना तूच सांग."

हे म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम. दादांनी अख्ख्या गल्लीला आधीच डॉक्टरीण देऊन टाकलेली. गिऱ्हाइकं पाव घेता घेता भिंगूला जीभ काढून दाखवायची. एका गृहस्थानं तर परवा काउंटरपाशी मोजा काढून अंगठ्याचं नख पुढे केलं होतं, तेही ताज्या पावाच्या ट्रेशेजारी.

आणि दादांचा शब्द घरात शेवटचा. का, तर दादांचा हात. पहाटेचं पहिलं पीठ घरातल्या थोरल्या पुरुषानंच मळायचं, मळणखोलीचं दार आतून लावून, अशी त्या घराची रीत. सासऱ्यांनी तसंच मळलं, त्यांच्या वडिलांनीही तसंच. 'थोरल्या हाताचा पाव' म्हणून लोक लांबून यायचे. धाकटे भाऊ, म्हणजे भिंगूचे वडील, बिचारे कित्येक वर्षं पीठ मळायचं मशीन घेऊ या म्हणून मागे लागलेले. दादा त्यांच्यापुढे दोन्ही पंजे धरायचे आणि विचारायचे, "या मशिनला काय झालंय?"

काय झालंय ते वहिनींना विचारा. त्या मशिनची बोटं कधीच बंद पडली होती. आधी रात्रीच्या मुंग्या, मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं पार बधिर. पिठात हात घातला तरी पीठ सैल की घट्ट, काही कळेना. एका पहाटे दादांनी वहिनींना मळणखोलीत बोलावलं, "जरा हात लाव" म्हणून. त्या 'जरा'ला दोन वर्षं उलटून गेली. रोज दोघं आत जायचे, दादा दाराला कडी घालून स्टुलावर बसायचे आणि वहिनी मळायच्या. झालं की वहिनी हात धुऊन टाकायच्या आणि दादा कोरड्या पिठात दोन्ही हात घोळवून, एक बोट कपाळाला पुसून, "हुश्श!" करत दार उघडायचे. नवरा आत घाम गाळतो आणि बायको त्याला पाणी द्यायला जाते, अशी घरादाराची समजूत. "एकदा डॉक्टरला दाखवा हो," असं वहिनींनी म्हणायचा अवकाश, दादा फणकारायचे, "बाहेरच्या माणसापुढे बोटं वाकडी करून दाखवायची मी? उद्या गावभर होईल."

तर असा हा नवरा नव्या सदऱ्यात पुढे चालला होता, मागे भाऊ आणि धाकटी जाऊ, त्यांच्यामागे माहेरपणाला आलेल्या आत्याबाई, आणि सगळ्यांत शेवटी पाय ओढत वहिनी. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याचा त्या मनाशी घोळ घालत होत्या.

* * *

कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली. काळ्या ओट्यांच्या रांगा, ओट्यांवर नळ, नळांना रबरी नळ्या, आणि सगळीकडे स्पिरिट आणि उकळलेल्या सुपाच्या मधला कसला तरी वास. आज पालकांसाठी ती उघडी होती. एका भिंतीशी पांढऱ्या कोटातली पोरं-पोरी पाट्या घेऊन उभी होती. नर्सिंग, औषधनिर्माण, आहारशास्त्र, रक्ततपासणी, डॉक्टरी. जीवशास्त्र शिकून पुढे काय काय होता येतं ते सांगायला. दादा बाकीच्या पाट्यांकडे न बघता थेट डॉक्टरीच्या पाटीखाली जाऊन उभे राहिले आणि भाऊंना म्हणाले, "काढ फोटो."

भाऊंचे हात मोकळे नव्हते. त्यांनी प्लास्टिकचं हृदय उघडून पाहिलं होतं आणि आता ते मिटत नव्हतं.

आत्याबाई सांगाड्यापुढे थांबल्या. त्याला खालून वर न्याहाळून म्हणाल्या, "हा हॉस्टेलला राहत असणार."

"वन्सं, हळू," वहिनी म्हणाल्या.

"हळू कशाला? त्याला काय ऐकू येतंय?"

तेवढ्यात खोलीच्या टोकाकडून भिंगूनं हात केला. तिच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या हातावर कोण राहतं?' खाली ओळीनं पाच चपट्या पारदर्शक डब्या, झाकणं चिकटपट्टीनं बंद केलेली. मागच्या आठवड्यात एका पहाटे भिंगू याच डब्या घेऊन मळणखोलीच्या दाराशी उभी राहिली होती. आत जेलीसारखं काही तरी होतं. 'चार बोटं आडवी टेकवा, दाबू नका,' म्हणत तिनं आतून बाहेर पडलेल्या काका-काकूंची बोटं टेकवून घेतली, मग बाबांची, आईची आणि आत्याची. वहिनींना वाटलं, पोर ठसे घेतेय, घेऊ दे. हात तर त्यांनी धुतलेच होते.

आता त्या डब्यांत बाग फुललेली. पिवळे ठिपके, पांढरे ठिपके, एक केशरी, एक चक्क गुलाबी. जिथे बोट टेकलं होतं तिथे बोटाच्याच आकारात ही वस्ती उगवली होती. प्रत्येक डबीपुढे चिठ्ठी होती. बाबा, आई, आत्या, काका, काकू.

"अगंबाई!" धाकटी जाऊ ओरडली. "आत्याबाईंची डबी तर ओसंडून वाहतेय!"

आत्याबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. दिवसातून दहा वेळा हात धुणारी बाई ती, दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लावायची नाही. "माझी कशी असेल? चिठ्ठी बदलली असेल कुणी तरी."

भिंगू दचकली. इतकी दचकली, की वहिनींच्या ते नजरेत भरलं.

"आत्या, हे घाण नसतं," भिंगू घाईघाईनं म्हणाली. "सगळ्यांच्या हातावर असतात ते. जन्मभर असतात. उलट तू सारखी धुतेस ना, त्यानं कातडी भेगाळते, आणि भेगांमध्ये त्यांना मस्त जागा मिळते."

"म्हणजे मी धुतले म्हणून घाण, आणि ही धुवत नाही म्हणून स्वच्छ?" आत्याबाईंनी जावेकडे बोट दाखवलं.

"मी धुवत नाही असं कोण म्हणालं?" जाऊ तडकली. "वहिनी, तुम्ही सांगा हो, मी धुवत नाही?"

एरवी या दोघी एकत्र येऊन वहिनींना कात्रीत धरायच्या. आज एका डबीनं त्यांची युती मोडली होती. वहिनींना दुसऱ्या कुठल्याही दिवशी याची मजा वाटली असती. पण त्यांचं लक्ष चौथ्या डबीवर गेलं होतं.

काकांच्या चिठ्ठीची डबी. चार बोटांचे चार पट्टे, साईसारखे दाट, फुगीर, गुबगुबीत. आणि चौथा पट्टा टोकाशी आत वळलेला. लहानपणी चूल पेटवताना भाजून वाकडी झालेली करंगळी. वहिनींनी आपला उजवा हात हळूच पदराखाली घेतला. जन्मभर बरोबर वागवलेली करंगळी कधी ओळखायची राहते का? ही बोटं दादांची नव्हतीच. त्यांची स्वतःची होती.

त्यांनी भिंगूकडे पाहिलं. भिंगूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. म्हणजे पोरीला कळलं होतं. डबीत काय उगवलंय ते पाहून मळणखोलीच्या बंद दाराआड काय चालतं ते तिनं बरोब्बर ताडलं होतं, आणि काकांची लाज राखायला चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. वहिनींना तिथल्या तिथे तिला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि एक फटकाही द्यावासा वाटला.

"आणि ही माझी ना?" दादा गर्दीतून वाट काढत आले. "हे काय उगवलंय एवढं गुटगुटीत?"

"यीस्ट, काका," भिंगू टेबलाला सांगितल्यासारखं म्हणाली. "पीठ फुगवतं ते. पीठ मळणाऱ्या हातावर राहतं. धुतलं तरी थोडं राहतंच."

दादा डबीवर वाकले. मग वहिनींच्या डोळ्यांदेखत त्यांना स्वतःचंच खरं वाटायला लागलं. माणूस रोज एक सोंग काढतो आणि रोज ते खपतं, मग कधी तरी तो स्वतःही त्याचं गिऱ्हाईक होतो. दादांची छाती फुगली.

"भाऊ! बघ! म्हणे मशीन घ्या!" त्यांनी शेजारच्या अनोळखी पालकांनाही खुणेनं बोलावलं. "या, या हो, बघा. हा आमचा हात. तीन पिढ्यांचा पाव. हे मशिनवर उगवेल का? विज्ञानानं सिद्ध झालंय आता!"

"अहो, पुरे," वहिनी पुटपुटल्या.

"पुरे काय? सिद्ध झालंय!"

"खूपच सुंदर वाढ आहे," मागून एक बारीक आवाज आला, आणि आसपासची पोरं आपोआप सरळ उभी राहिली.

या भिंगूच्या मॅडम. चणीनं लहानशा, गळ्यात दोरीला चष्मा, आवाज कधी चढवलेला कुणी ऐकला नव्हता, आणि तरीही सगळे घाबरायचे. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, चौथी डबी उचलली, उजेडात धरली. मग दादांच्या पंज्याकडे पाहिलं. मग पुन्हा डबीकडे.

"जरा हात पुढे करता?"

दादांनी मोठ्या ऐटीत पंजा पुढे केला. मॅडमनी डबी त्याच्याखाली धरली. दादांचं एकेक बोट म्हणजे केळं. त्याच्याखाली ते चार नाजूक पट्टे पार झाकून गेले.

"ही बोटं तुमची नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"माझी नाहीत म्हणजे? पन्नास वर्षं माझ्या हाताला आहेत!"

"ही नव्हे. डबीतली." त्यांनी शेजारची, काकूंच्या चिठ्ठीची डबी उचलली आणि तीही पंज्याखाली धरली. केळी बरोब्बर बसली. "ही तुमची. आणि इथे यीस्ट नावालाही नाही. काळपट, लव आलेली बुरशी आहे थोडी. ही कोरड्या पिठातून येते. या हाताला पीठ लागलंय, पण यानं काही मळलेलं नाही."

दादांचा पंजा हवेत तसाच राहिला. भोवतीचे पालक आणखी जवळ सरकले. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

मॅडमनी दोन्ही डब्या खाली ठेवल्या आणि भिंगूकडे वळल्या. "चिठ्ठ्या बदलल्या?"

भिंगू म्हणाली, "हो मॅडम. मीच बदलल्या."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

"का?"

"ते मी नाही सांगू शकत."

"मला कारण नकोच आहे," मॅडम म्हणाल्या, अगदी हळू. "माझ्या विभागात काचा फुटलेल्या मला चालतात. नापास झालेली मुलंही चालतात, पुन्हा शिकतात. पण डबीवरचं नाव बदलणारं कुणी मला चालत नाही. उद्या तू इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बसशील आणि एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाईल. मग कारण कितीही चांगलं असो, माणूस जातो. सूक्ष्मजीवांच्या वर्गासाठी तुझं नाव मी स्वतः काढून ठेवलं होतं. आता ते धरू नकोस. दुसरा विषय बघ."

"सूक्ष्मजीवांच्या वर्गासाठी?" दादा म्हणाले.

"सूक्ष्म... काय?" भाऊ म्हणाले. हृदय अजून त्यांच्या हातातच होतं.

म्हणजे जे सांगायला वहिनी दिवसभर शब्द जुळवत होत्या ते मॅडमनी एका दमात सांगून टाकलं, आणि त्याच दमात मोडूनही टाकलं.

जाऊला मात्र हायसं वाटलं. "जाऊ दे ना मग! बरंच झालं. डॉक्टरीला बसेल. नाही तरी दिवसभर त्या डब्यांत डोकं घालून काय मिळणार होतं? चल भिंगू, रडू नकोस."

"मी तर आधीपासून म्हणतेय," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी आधीपासून काहीच म्हटलं नव्हतं.

झालं. दोघींची युती पुन्हा जुळली, दादांना डॉक्टरीण मिळाली, मळणखोलीची कडीही शाबूत राहिली. सगळ्यांचं भलं झालं, एका भिंगूचं सोडून. ती रडत नव्हती. बोटाला चिकटलेला चिठ्ठीचा डिंक सोलत उभी होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. ही पोर वहिनींच्या पोटची नव्हती, पण भट्टीशेजारच्या पाळण्यात हिला त्यांनीच जोजवलं होतं. गप्प बसलं तर नवऱ्याची अब्रू राहत होती आणि तोंड उघडलं तर पोरीचं आयुष्य. दोघंही आपलीच, आता कुणाला टाकायचं?

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ती बोटं माझी आहेत." आणि पदराखालचा हात काढून टेबलावर ठेवला, वाकड्या करंगळीसकट.

"तुझी?" आत्याबाई किंचाळल्या. "पण पीठ तर दादा मळतो!"

"हेच मळतात," वहिनी घाईनं म्हणाल्या. दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा त्यांनी एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "त्या दिवशी मी नुसता पिठाला हात लावला. झाकण घालताना."

मॅडमनी डबी पुन्हा उचलली. "झाकण घालताना चारही बोटं टोकापासून मुळापर्यंत बुडाली?"

"नाही, म्हणजे... परात धुतली मी."

"परात धुऊन हाताला एवढं नाही लागत."

"मग... मग यांचा हात धरला मी! हे पीठ मळत होते ना, तेव्हा."

"हात धरलास?" आत्याबाईंनी डोळे विस्फारले. "मळणखोलीत? कडी लावून? वहिनी, या वयात?"

गर्दीत कुणी तरी खुदकन हसलं. वहिनींचे कान तापले. मॅडमना मात्र हसू आलं नाही. "त्यांच्या हातावर असतं तर तुमच्या हाताला लागलं असतं. त्यांच्या हातावर काहीच नाही, बाई."

वहिनींचं खोटं संपलं. आयुष्यात कधी फारसा साठा केलाच नव्हता, तीन खोट्यांतच डबा रिकामा.

"पुरे कर गं," दादा म्हणाले.

आवाज इतका साधा होता, की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही की तो दादांचा आहे. ते पुढे आले आणि दोन्ही पंजे टेबलावर, डब्यांच्या बाजूला, पालथे ठेवले.

"पीठ ही मळते," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. माझ्या बोटांना काही कळत नाही. सुई टोचली तरी कळत नाही. मी आत बसून राहतो आणि पीठ लावून बाहेर येतो." त्यांनी मान भिंगूकडे वळवली. "पोरीनं माझ्यासाठी केलं ते. त्याची शिक्षा तिला देऊ नका. मी मोठा आहे, मला द्या."

वहिनींना वाटलं, हा माणूस आता मोडणार. पण दादांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा जरा सैलपणा आलेला त्यांना दिसला.

"म्हणजे मी," आत्याबाई हळूहळू म्हणाल्या, "सासरी जाऊन दादाच्या हाताची चव, दादाच्या हाताची चव म्हणून जे ओरडत होते, ते..."

"ते वहिनींच्या," जाऊ म्हणाली.

"आणि मला म्हणायचे, मशिनला हाताची सर नाही!" भाऊंना आत्ता कुठे उलगडा होत होता. त्यांनी हृदय काखेत मारलं. "दादा, मग आता तरी मशीन..."

"भाऊजी!" वहिनी गरजल्या.

भिंगू मात्र टेबलाला वळसा घालून दादांपाशी आली. तिनं त्यांचा पंजा उचलून उलटा केला, मनगटाच्या मधोमध बोटानं टकटक केलं. "काका, अशी झिणझिणी जाते का बोटांत? अंगठा आणि ही दोन? करंगळीला नाही?"

"करंगळी ठणठणीत आहे. तुला कसं कळलं?"

"तुमच्या त्या मित्राच्या बोटांबद्दल गेल्या वर्षी तुम्हीच विचारलं होतं ना मला."

"हां, तो मित्र," दादा ओशाळून म्हणाले.

"मनगटात नस दाबली गेलीय. माझा अंदाज आहे, नक्की डॉक्टरच सांगतील. काका, यावर उपाय असतो! इतके दिवस दाखवलं का नाहीत?"

दादांनी पंजा तिच्या हातातून सोडवून घेतला. "तू डॉक्टर होशील, मग तुलाच दाखवीन म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "घरच्या घरी. कुणाला कळलं नसतं."

भिंगूचं तोंड उघडं राहिलं. "काका! मला डॉक्टर व्हायला अजून सात-आठ वर्षं लागली असती! तोपर्यंत हात गेला असता की हो!"

"मला काय माहीत किती लागतात? मी बेकरीवाला."

आता वहिनींना रडूही यायला लागलं आणि हसूही. म्हणजे गिऱ्हाइकांपुढची ती फुशारकी, ते 'आमच्या डॉक्टरीणबाई', त्याच्या तळाशी हे होतं तर. दोन वर्षं रोज पहाटे शेजारी स्टुलावर बसणारा माणूस, आणि त्याची एवढी साधी भीती आपल्याला उमगली नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मॅडम एवढा वेळ चष्मा पुसत होत्या. तो पुसून झाल्यावर म्हणाल्या, "इकडे ये." भिंगू गेली. "डबी खरं बोलत होती आणि तू तिला गप्प बसवलंस. कळतंय ना?"

"हो मॅडम."

"चिठ्ठ्या आत्ता बरोबर लाव. मग संध्याकाळपर्यंत इथेच उभी राहा, आणि जो येईल त्याला आधी सांग, की मी नावं बदलली होती. प्रत्येकाला. एकालाही वगळायचं नाही. ते जमलं तर उद्या माझ्याकडे ये, वर्गाचं बोलू. मात्र हे पुन्हा झालं तर मी कुणाच्या काकांचं ऐकणार नाही." मग दादांकडे वळून, "अर्थात घरून परवानगी असेल तर."

सगळ्यांच्या माना दादांकडे वळल्या. जाऊनं तोंड उघडलं, आत्याबाईंनी तिला कोपर मारलं. युतीचा हा तिसरा अवतार.

दादांनी डॉक्टरीच्या पाटीकडे एकदा पाहिलं. चार पिढ्यांत पहिली, असं त्यांचं फार दिवसांचं स्वप्न होतं, ते काही असं चुटकीसरशी सुटणारं नव्हतं. मग त्यांनी आपल्या डबीतल्या त्या काळपट बुरशीकडे पाहिलं.

"काय पोरगी आहे," ते म्हणाले. "बाप बाजूला उभा, आई, आत्या, एवढी गिऱ्हाइकं रोज येतात, कुणाला कळलं नाही. हिनं एका डबीवरून मला पकडलं." त्यांनी नाक ओढलं. "डॉक्टरला तरी मी खोटं सांगितलं असतं. घे बाई, तुझे जंतूच घे."

भिंगू त्यांच्या नव्या सदऱ्याला अशी काही बिलगली की टेबलावरच्या डब्या हलल्या. "हळू, हळू!" मॅडम ओरडल्या. त्यांचा आवाज चढलेला पोरांनी पहिल्यांदाच ऐकला.

मग भिंगूनं चिठ्ठ्या सोलून पुन्हा लावल्या. पहिलाच माणूस आला तो दोन वर्गांपुढचा कुणी तरी विद्यार्थी, आणि भिंगूनं मान वर करून त्याला सांगून टाकलं, "मी यावरची नावं बदलली होती." तिचा चेहरा लालबुंद झाला होता. दुसऱ्याला सांगताना जरा कमी लाल झाला.

दादा वहिनींजवळ येऊन उभे राहिले. पंजे खिशात घातलेले, मग आठवण झाल्यासारखे बाहेर काढलेले. "अगं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरकडे उद्याच जायचं म्हणतेय भिंगू. तू येशील ना? मला काही नीट सांगता नाही यायचं."

"येईन की," वहिनी म्हणाल्या. आत्याबाई ऐकत होत्या, जाऊ ऐकत होती, भाऊ ऐकत होते, शेजारचे दोन-चार अनोळखी पालकही कान टवकारून होते. वहिनींनी आवाज जराही खाली आणला नाही. "पण सकाळी लवकर नाही हं जमायचं. माझं पीठ मळून होऊ दे, मग जाऊ."